खराट्यांच्या रानात



मार्च उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कुरडया चिकट का होतात, मागच्या वर्षीच्या लोणच्याला बुरशी का आली, हे प्रश्न असतातच. पण त्यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो. सुट्टीत मुलांना घेऊन कुठे जावं? खिशाला परवडेल, दोन दिवसांत परत येता येईल आणि ‘ह्यांना’ रजा मिळाली नाही तरी आपलं आपल्याला जमेल, असं काही सांगा. अकोल्याच्या एका भगिनीने तर बजावूनच लिहिलंय, "थंड हवेच्या ठिकाणांची नावं नकोत. तिथल्या हॉटेलच्या एका दिवसात आमच्या घरी महिन्याचा किराणा येतो!"

बरं, तर थंड हवा नकोच. यंदा मी रान सुचवणार आहे, आणि तेही ऐन एप्रिलातलं, वाळलेलं, पायाखाली पापडासारखं मोडणारं. नाक मुरडू नका. आधी ऐका तर खरं.

आमच्या खामगावचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. (अर्धा वेळ का होईना, शाळेत भूगोल शिकवते. नकाशाशिवाय माझा घास उतरत नाही.) दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. बुलढाण्याला जाताना बोथ्याचं जंगल लागतं ना, तेच ज्ञानगंगा अभयारण्य, २०५ चौरस किलोमीटरचं. उत्तरेला पूर्णेचं सपाट खोरं ओलांडलं की सातपुडा उभा राहतो. त्यात आपल्याच जिल्ह्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य आहे, १२७ चौरस किलोमीटरचं. दोन्ही १९९७ साली जाहीर झाली. अंबाबरव्याला लागून वान, पुढे नरनाळा आणि मग थेट मेळघाट. हे सारं मिळून मेळघाट व्याघ्र प्रकल्प होतो, सुमारे २७६८ चौरस किलोमीटरचा. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिली नऊ जंगलं निवडली होती, त्यांत मेळघाट होतं. आपण मात्र ताडोबाला जायचं म्हणून पैसे साठवतो आणि गच्चीवर पापड घालताना उत्तरेला दिसणारी ती निळी रेघ कसली आहे, हे कधी विचारत नाही.

या दोन डोंगरांच्या मध्ये आहे खारपाणपट्टा. त्याला वाळवंट म्हणवत नाही, कारण कापूस, तूर, हरभरा तिथे उत्तम होतो. पण मे महिन्यात तिथे तहान लागलेल्या माणसाला विचारा. विहीर भरलेली आणि पाणी तोंडात धरवत नाही! वाळवंट याहून वेगळं काय असतं?

मागच्या एप्रिलात आम्ही सहाजणींनी ही दोन्ही रानं पाहिली. शाळेतल्या दोघी आणि भिशीतल्या चौघी. खर्चाचं कोडं भिशीनेच सुटलं. एका महिन्याचा नंबर कुणालाच न देता तो जीप आणि जेवणासाठी राखून ठेवायचा, असं दिवाळीतच ठरलं होतं. घरून मोडता कुणीच घातला नाही, फक्त विचारणा झाली, "सगळ्या बायकाच?" त्याचं उत्तर आमच्यातल्या सर्वांत वडील बाईंनी दिलं, "पंढरीला जातो तेव्हा सगळ्या बायकाच असतो, तेव्हा नाही कुणी विचारत!"

शेजारच्या मावशींनी मात्र दारातच अडवलं होतं. "कायले जाता वो बाई तिकडं? सारे खराटे उभे हायेत!"

मावशींचं खोटं नाही. एप्रिलात बोथ्याच्या रानात शिरलं की दोन्ही बाजूंना खराटेच दिसतात. सागाला पान नाही, सालईला नाही, धावड्याला नाही. पण ही झाडं मेलेली नसतात, संसार करत असतात. पानांतून पाणी सतत उडून जातं. सागाचं पान म्हणजे केवढं, पत्रावळीसारखं! पावसाळ्यात तो थाट परवडतो. जमिनीतली ओल संपत आली की झाड काय करतं? महिनाअखेरीला आपण जे करतो तेच. आधी चैनीचा खर्च बंद. पानंच उतरवून ठेवायची, म्हणजे पाणी जाणार कुठून? जून उजाडेपर्यंत खोडात आणि मुळांत आहे त्यावर भागवायचं.

आणि या काटकसरीतही काही झाडांची हौस बघा. पळस पान टाकतो आणि होळीला अंगभर फुलतो. पांगाऱ्याचंही तेच. कुसुमाला याच दिवसांत पालवी फुटते, ती इतकी लालबुंद असते की आमच्यातली एकजण फूल समजून जवळ गेली. कुलूचं झाड तर सांगून पटणार नाही. पांढरंफटक खोड, वर वाकड्या फांद्या. संध्याकाळी ते पाहून मुलं आईचा पदर धरतात. पावसाळ्यात आलात तर हे काही दिसणार नाही, सगळीकडे हिरवंच हिरवं असतं. जनावरंही उन्हाळ्यातच नजरेला पडतात. आड यायला पान नसतं आणि सगळ्यांना पाणवठ्यावरच यावं लागतं. आम्ही नीलगायींचा कळप पाहिला, मोर पाहिले, आणि एका ओढ्याच्या ओल्या वाळूत अस्वलाचा पंजा पाहिला, अगदी लहान मुलाचं पाऊल उमटावं तसा. अस्वल दिसलं नाही याचा मला तरी आनंदच झाला!

अस्वलाचं निघालं म्हणून मोहाचं सांगते. मोहाची फुलं रात्री गळतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. अस्वलाला ती आवडतात आणि डोंगरकाठच्या गावांतल्या बायकांना वेचून विकायची असतात. दोघांची वेळ एकच, पहाटेची. बायका वाकलेल्या, अस्वलाची नजर अधू, आणि मग समोरासमोर गाठ पडते. शिवाय फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात आणि त्यातून वणवे लागतात. ‘अडाणीपणा’ म्हणून आपण मोकळ्या होतो. टोपलीभर फुलांसाठी अंधारात अस्वलाच्या वाटेवर जाणाऱ्या बाईला आगीचं कळत नसेल असं मला वाटत नाही. तिच्यापाशी दुसरा रोजगार नसतो, हे खरं कारण.

आता स्वयंपाकघरातल्या फडताळाशी चला. श्रीखंडावरची चारोळी कुठून येते? याच सुक्या रानातल्या चाराच्या झाडावरून. बाळंतिणीच्या लाडवातला चांगला डिंक धावड्याचा. हिरडा, बेहडा, आवळा, तिघेही इथलेच. बिडीचं तेंदूपान इथलं. आणि हिवाळ्यात आपण वऱ्हाडातल्या बायका लाडवांत गोडंबी घालतो ती बिब्ब्याच्या आतली. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, कातडी सोलवटते. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात एकदा पाहिले तर दुकानात भावासाठी घासाघीस करवणार नाही. मी तरी सोडून दिली आहे. ही सगळी मंडळी पिशवीतून घरात येतात, म्हणून आपल्याला ती दुकानात पिकतात असं वाटत राहतं.

बोथ्याला वाटाड्याने आम्हाला वाघाची गोष्ट ऐकवली. तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असेल, तरी आपल्या जिल्ह्याची म्हणून पुन्हा सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ होता. त्याच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बांधली होती. त्या जूनमध्ये तो घराबाहेर पडला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम असं करत, कपाशीच्या शेतांतून, नाल्यांच्या कडेकडेने, बहुतेक रात्रीचा चालत, सुमारे १३०० किलोमीटर तुडवून तो डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत येऊन ठाकला. वाटेत हिंगोलीकडे तो झुडपात पडला होता, तिथे माणसं शिरली, तेव्हा एकजण जखमी झाला. नाहीतर एवढ्या वस्तीतून एवढा मोठा जीव गेला आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही!

वाघ एवढा चालतो कशासाठी? स्वतःचं रान हवं असतं आणि जोडीदारीण हवी असते. आमच्यातली एकजण म्हणाली, "म्हणजे नवरदेव स्वतःच स्थळं पाहायला निघाला होता!" पण बिचाऱ्याचं नशीब कसं बघा. इथे पाणी मिळालं, नीलगाय-रानडुकराची शिकार मिळाली, पण ज्ञानगंगेत तेव्हा एकही वाघीण नव्हती. २०२० च्या एप्रिलात त्याची कॉलर काढली, तोवर त्याची एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर झाली होती. वाघीण आणून सोडावी की नाही यावर बरीच चर्चा झाली. पुढे तो दिसेनासा झाला.

मी ऐकत होते आणि डोक्यात नकाशाच होता. ज्ञानगंगेहून उत्तरेला सातपुडा काही फार लांब नाही. तिथे वाघ आहेत, वाघिणी आहेत. पण मध्ये महामार्ग, रेल्वे, गावं आणि उघडं शेत. झाडांचा एक पट्टा जरी सलग असता तरी त्याला पलीकडे जाता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तेच अंतर आम्ही जीपने तोडलं. शेगावला माउलींचं दर्शन घेतलं, पूर्णा ओलांडली, वरवट बकाल, मग सोनाळा. सोनाळ्याच्या बाजूने अंबाबरव्यात शिरलं की उतार-चढाव सुरू होतात आणि हवा बदलते. ज्ञानगंगा म्हणजे जरा अंगणातलं रान वाटतं, इथे मात्र डोंगरामागे डोंगर. हीच रांग पूर्वेला चढत चढत वैराटला ११७८ मीटरपर्यंत जाते. मेळघाट हे नावच घाटांचा मेळ म्हणून पडलं. दऱ्यांत बांबू, ओढ्याकाठी जांभूळ आणि अर्जुन, माथ्यावर पिवळं गवत. इथल्याच रानांत रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड राहतं. १८८४ नंतर ते कुणाला सापडलंच नव्हतं, संपलं असंच धरून चालले होते. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं आणि पुढे मेळघाटातही आढळलं. ते दिवसाढवळ्या फिरतं म्हणे. आम्हाला काही दर्शन दिलं नाही. आमची आई सांगायची ती अकोला-खंडव्याची छोटी गाडीही याच डोंगरांतून जायची आणि धूळघाटाजवळ स्वतःच्याच रुळांना वेढा घालून वर चढायची. ती २०१७ पासून बंद आहे. गाडी गेली याची चुटपुट मला आहे, पण वाघाच्या घरातून मोठी लाइन न्यायला नको, हेही पटतं.

आता खरी गोष्ट. ज्ञानगंगा नदी त्या खराट्यांच्या रानातून खाली येते आणि गेरू माटरगावच्या धरणात थांबते. आमच्या खामगावच्या नळाला येतं ते तिथलं पाणी. नळ येण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच असतो. पिंप, कळश्या, बादल्या, शेवटी लोटीसुद्धा भरून ठेवतो. पण ते पाणी कोणत्या झाडांच्या मुळांतून झिरपून येतं, हे मला माझ्या विद्यार्थिनींना विचारायला कधी सुचलं नव्हतं. सातपुड्याचंही तसंच. वान नदी जंगलातून उतरते आणि पायथ्याशी वारीला धरणात अडते. खारपाणपट्ट्यातल्या संग्रामपूर-जळगाव जामोदच्या १४० गावांसाठी योजना केली ती याच वानच्या गोड्या पाण्यावर. डोंगरावर पाऊस पडतो, पाचोळ्याचा थर त्याला स्पंजासारखा धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यात गाळाच्या थरांत क्षार अडकलेले आहेत, तिथे विहीर खणली की खारं पाणी लागतं. म्हणजे वरचं रान उतरलं तर खाली खारंच उरणार.

खारं पाणी म्हणजे काय हे बाईला सांगायला नको. साबणाला फेस नाही, केस ताडासारखे, भांड्यांवर पांढरा थर, आणि तूरडाळ शिजता शिजत नाही. तिकडच्या वाचक भगिनींनी विचारलंच आहे म्हणून सांगते. कुकरच्या शिट्ट्या वाढवून गॅस जाळू नका. डाळीपुरतं गोडं पाणी वेगळं भरून ठेवा. डाळ आधी तासभर भिजवा. मीठ आणि चिंच-आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला, आंबटाने ती आणखी हटून बसते. चिमूटभर सोड्याने शिजते हे खरं, पण त्याने डाळीतली काही जीवनसत्त्वं जातात, तेव्हा रोजची सवय नको.

हेच डाळीचं गाऱ्हाणं मी परतताना अकोट तालुक्यातल्या एका पुनर्वसित वस्तीत ऐकलं. आमच्यातल्या एकीची बहीण तिथे अंगणवाडीत काम करते, म्हणून जाणं झालं. वाघांना निवांत रान मिळावं म्हणून मेळघाटातली गावं खाली आणून वसवली आहेत. २००१ ते २००३ च्या सुमारास बोरी, कोहा, कुंड ही पहिली आणि पुढे आणखी बरीच. कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याची योजना २००८ सालची, पुढे ती रक्कम पंधरा लाख झाली. एका कोरकू बाईने आम्हाला बसायला खाट दिली. माझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, "इथं रोड हाय, दवाखाना हाय, पोरगी शाळेत जाते. वर हे कायबी नव्हतं. पण वर झिऱ्याचं पाणी गोड होतं बाई. इथं बोअरच्या पाण्यात दाळ मरत नाई." पैशांचं विचारलं तर ती हसली. एक मोटारसायकल, एक लग्न, थोडं कर्ज फेडलं, संपले.

२०१९ च्या जानेवारीत अशा काही गावांतले लोक पुन्हा जंगलात आपल्या जुन्या जागी गेले होते आणि वनखात्याच्या माणसांशी त्यांची मोठी झटापट झाली. दोन्हीकडचे जखमी झाले. वर्तमानपत्रांत तेव्हा कुणी त्यांना बंडखोर म्हटलं, कुणी भोळे. मला त्या खाटेवर बसून एवढंच वाटलं की ज्या रानाचं गोडं पाणी आम्ही नळाने पितो, त्या रानातून उठवलेली बाई खारं पाणी पिते, हा हिशेब बरोबर नाही. गावं हलवायचीच असतील तर आधी तिथल्या पाण्याने डाळ शिजवून पाहायची आणि मग ट्रॅक्टर वर पाठवायचे. एवढी साधी अट कागदावर घालायला काय हरकत आहे? ही गोष्ट एखाद्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारली असती तर तिने पहिल्या दिवशीच सांगितली असती.

परत आल्यावर मी आठवीच्या मुलींना ॲरिझोनाचं सांगितलं. अमेरिकेतल्या या राज्यात टोंटो नावाचं राष्ट्रीय वन आहे, आपल्या सबंध मेळघाट प्रकल्पाच्या चौपटीहून मोठं. खालच्या अंगाला वाळवंट, त्यात आपल्या दुमजली घरापेक्षा उंच सग्वारो निवडुंग. वर चढत गेलं की डोंगरमाथ्यावर पाइनची झाडं. हे वन १९०५ साली राखीव केलं, आणि कशासाठी, तर नद्यांचं पाणलोट सांभाळण्यासाठी. पुढे १९११ साली तिथे मोठं धरण पुरं झालं. फिनिक्स शहराला त्या नद्यांचं पाणी मिळतं. त्यातल्या एका नदीचं नाव काय, ठाऊक आहे? सॉल्ट! म्हणजे खारी नदी. मुली हसल्या. एकीने विचारलं, "मॅडम, तिथल्या लोकांना कुठे हलवलं?" मी तिला सांगितलं की त्या भागातही आधीपासून आदिवासी राहत होते, अपाचे त्यांतलेच, आणि त्यांनाही सुखाने राहू दिलं गेलं नाही.

आता तयारीचं, कारण पत्रं त्याचीच येणार. जाण्याआधी प्रवेशाच्या वेळा आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. आगाऊ नोंदणी मोबाइलवरून होते, मुलांना सांगा, ती चुटकीसरशी करतात. पाणी माणशी निदान तीन लीटर, आणि बाटल्या परत आणायच्या. खायला दशम्या. दुधात भिजवलेल्या असल्यामुळे दोन दिवस मऊ राहतात. जवसाची चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे. कैरीचं पन्हं थर्मासमध्ये. साडी नेसायची असेल तर सुती, मातकट रंगाची, पण खरं सांगू का, जीपच्या उंच पायरीवर पंजाबी ड्रेसच बरा. गजरा, अत्तर, सुवासिक तेल त्या दिवशी नको. झाडावर आग्या मोहोळ असतं आणि त्याला वास चालत नाही. पायात बंद बूट. घाटात मळमळणाऱ्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी आणि पोट अगदी रिकामं ठेवू नये.

आणि आपला बायकांचा खरा प्रश्न. पुरुष त्याचा विचार करत नाहीत म्हणून आपणच करायचा. प्रवेशद्वाराशी स्वच्छतागृह असतं, आत गेल्यावर तीन-चार तास जीपमधून उतरता येत नाही. म्हणून पाणी पिणं टाळू नका, उन्हाळ्यात ते महागात पडतं. निघायच्या ऐन आधी जाऊन या आणि सफर सकाळची घ्या, दुपारची नको. पाळीचे दिवस असतील तरी खुशाल जा. कागदाची पुडी आणि एक घट्ट झाकणाचा डबा सोबत ठेवा, वापरलेलं सगळं घरी आणा.

रानात बिब्ब्याच्या झाडाला हात लावू नका, आणि मुलांना आधीच बजावून ठेवा. चीक लागलाच तर चोळू नका. तेलाच्या बोळ्याने हलकेच पुसा, मग साबण-पाण्याने धुवा. फोड आले किंवा डोळ्याजवळ लागलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

श्रावणात आम्ही सहाजणी पुन्हा बोथ्याला जाणार आहोत, तेच खराटे हिरवे झालेले पाहायला. शेजारच्या मावशींनी या वेळी स्वतःहून विचारलंय, जीपमध्ये सातवीची जागा होईल का म्हणून.